गाण्याची सीडी माउंट करू नकोस

बाळा, आबांच्या सीडी लिनक्सवर लावायला घेतो आहेस, तर एक आधीच सांगून ठेवतो. गाण्याची सीडी माउंट करायला जाऊ नकोस. फाइल सिस्टिम ओळखता येत नाही असा संदेश आला की लोक सीडी बिघडली समजून टाकून देतात, आणि ती धडधाकट असते. १९८० साली फिलिप्स आणि सोनीने ठरवलेल्या मानकाप्रमाणे ऑडिओ सीडीवर फाइल नसतातच, नुसता आवाजाचा सलग प्रवाह असतो. एमपीथ्रीची सीडी वेगळी, ती माउंट होते.

नुसतं ऐकायचं तर व्हीएलसीमध्ये ‘ओपन डिस्क’मधून ऑडिओ सीडी निवड. परवानगी नाही म्हणालं, तर उबुंटूवर स्वतःचं नाव सीडीरॉम गटात घाल आणि लॉग आउट करून परत ये.

पण ऐकून थांबू नकोस, उतरवून घे. त्यातही घरी बर्न केलेल्या सीडी आधी. त्यांच्यावरचं रेकॉर्डिंग रंगाच्या थरात असतं आणि उन्हाने, उकाड्याने तो थर उडत जातो. कारखान्यातून छापून आलेल्या सीडींना तितकी घाई नाही.

पुसायची ती मधून कडेकडे, सरळ. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो ट्रॅकच्या दिशेनेच जातो आणि ड्राइव्हला चूक सावरता येत नाही. लेबलची बाजू तर जास्तच जप, चकाकता थर तिच्या लगेच खाली असतो.

उतरवायला एबीसीडीई हा प्रोग्राम वापर आणि फ्लॅक फॉरमॅट निवड. आतून ते सीडीपॅरानोइयाला कामाला लावतं. ते संशयी आहे, ओरखड्यापाशी तोच भाग पुन्हापुन्हा वाचून ताडून बघतं. अशा वेळी तासभर लागला तरी मध्येच बंद करू नकोस. फ्लॅकमध्ये आवाजातलं काही गळत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. एमपीथ्री त्यातून कधीही करता येईल, उलटं होत नाही. शिवाय आपल्या शास्त्रीय मैफलींत आलाप एका ट्रॅकवर आणि बंदिश पुढच्यावर असते. एमपीथ्रीमध्ये तिथे बारीक खंड पडू शकतो, तो कानाला फार खुपतो.

म्यूझिकब्रेन्झ या ऑनलाइन यादीत गाण्यांची नावं सापडली नाहीत, तर कव्हर बघून देवनागरीतच टाइप कर. राग, गायक आणि तबल्या-पेटीवरचे साथीदारसुद्धा लिही. सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेव, आणि मूळ सीडी काही केल्या टाकू नकोस.