नावाने हाक : ख्रिस्ती श्रद्धेतील व्यक्तिगत ईश्वरप्रेमाचा विचार

‘ईश्वर सर्वांवर प्रेम करतो’ हे विधान तत्त्व म्हणून सहज स्वीकारता येते. ‘ईश्वर मला ओळखतो आणि माझ्यावर प्रेम करतो’ हे विधान मात्र अवघड आहे. कारण त्यात एका विशिष्ट माणसाचा, त्याच्या उणिवांसह झालेला स्वीकार अभिप्रेत असतो. ख्रिस्ती श्रद्धेतील या दुसऱ्या विधानाचे स्वरूप ‘नावाने हाक मारणे’ या बायबलमधील प्रतिमेच्या आधारे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जुन्या करारातील यशयाच्या ग्रंथात (४३:१) परमेश्वर याकोबाला नावाने बोलावतो. संबोधन एकवचनी असले तरी संबोधित आहे तो इस्राएल हा लोकसमूह. १३९ व्या स्तोत्रात मात्र एकटा भक्त बोलतो. त्याचे उठणे-बसणे, ओठांवर न आलेला शब्द, मातेच्या उदरातील घडण, सारे ईश्वराला ज्ञात आहे. या ज्ञानापासून दूर कोठे जावे, असा प्रश्नही त्याला पडतो. ओळखले जाणे ही केवळ दिलाशाची गोष्ट नाही, याची जाणीव येथे आहे. हिब्रू भाषेतील ‘यादा’ या क्रियापदात माहिती असण्याबरोबर निकटच्या संबंधाचाही अर्थ आहे, हे या संदर्भात लक्षात घेतले पाहिजे.

योहानाच्या शुभवर्तमानातील (१०:३) मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानिशी हाक मारतो. या प्रतिमेचा प्रत्यय दोन प्रसंगांतून येतो. लूककृत शुभवर्तमानात (१९:१-१०) झाडावर चढून बसलेल्या जक्कय या जकातदाराला येशू नावाने बोलावतो. लुबाडलेल्या धनाच्या चौपट परतफेडीचा संकल्प जक्कय त्यानंतर बोलून दाखवतो. प्रेम हे सुधारणेचे पारितोषिक नसून तिचे कारण ठरते. योहानाच्या विसाव्या अध्यायात मग्दालीया मरीया पुनरुत्थित येशूला माळी समजते. ‘बाई’ या सामान्य संबोधनाने तिला ओळख पटत नाही. स्वतःचे नाव ऐकताच पटते.

मराठी अभ्यासकाला येथे नामभक्तीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. वारकरी संप्रदायात भक्त देवाचे नाम घेतो. उपर्युक्त प्रसंगांत देव माणसाचे नाव घेतो. तथापि हा भेद आत्यंतिक मानता येणार नाही. जनाबाईच्या नावावरील अभंगांत विठ्ठल तिच्या दळणकांडणात सहभागी होतो. तेथेही एका दासीला देवाने वेगळे ओळखलेलेच आहे. १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतल्यावरही नारायण वामन टिळकांनी अभंगाची वाट सोडली नाही, याचा अर्थ या पार्श्वभूमीवर उलगडतो. एकेका जीवाला जवळ घेणाऱ्या देवाची भाषा मराठीत आधीच सिद्ध होती.

अशा श्रद्धेतून आत्मकेंद्रितता वाढेल, असा आक्षेप संभवतो. परंतु ओळख पटलेल्या मरीयेला येशू स्वतःजवळ थांबवून घेत नाही. तो तिला निरोप देऊन इतरांकडे पाठवतो. जक्कयाचा स्वीकार त्याने फसविलेल्यांच्या परतफेडीपर्यंत पोहोचतो. शंभरांतील हरवलेले एक मेंढरू शोधले जाते, तेव्हा नव्व्याण्णवांचे मोल कमी होत नाही. उलट, आपण हरवलो तर आपलाही शोध घेतला जाईल, असा विश्वास प्रत्येकाला मिळतो. नावाने मारलेली हाक व्यक्तीला समूहापासून तोडत नाही. समूहात तिची जागा निश्चित करते, असा निष्कर्ष या विवेचनातून काढता येतो.