हँग झालंय? आधी कॅप्स लॉक दाबा

दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा. 16 पानं लावून झालेली, संपादकांच्या दुरुस्त्याही घेतलेल्या, आणि रात्री साडेअकराला सेव्ह करता करता मशीन हँग झालं. कर्सर जागचा हलेना. छापखान्याचा माणूस दारात ताटकळलेला. मिनिटभर कळ काढली असेन-नसेन, रिसेटचं बटण दाबलं. मशीन सुरू झालं. फाइल जागेवर, नाव तेच. आकार शून्य केबी. पहाटेपर्यंत 16 पानं पुन्हा लावली.

मशीन तेव्हा मेलं नव्हतं. डब्यावरचा हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत होता, पण तिकडे बघायचं असतं हे तरी कुठे ठाऊक होतं! सेव्ह केलेलं सगळं लगेच डिस्कवर उतरत नाही. काही भाग थोडा वेळ रॅममध्येच रेंगाळतो. वीज तुटली की तो गेला. विंडोजची एनटीएफएस ही पद्धत फाइलींची नावं, फोल्डर यांची नोंदवही सांभाळते. आतल्या मजकुराची हमी घेत नाही.

आता मशीन अडकलं की मी आधी कॅप्स लॉक दाबतो. कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो ना? मग विंडोज अजून धुगधुगतंय. चहा सांगायचा, दहा मिनिटं हात लावायचा नाही. त्यानंतर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून अडकलेला तेवढाच प्रोग्राम बंद करायचा. पडदाच काळा झाला असेल, तर विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी. विंडोज 10 पासून यानं ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो, उघडं काम जात नाही. कशालाच दाद देत नसेल तरच पॉवरचं बटण दाबून धरायचं, साधारण चार सेकंद. काही लॅपटॉपना दहाही लागतात.

शट डाउननंही मला एकदा फसवलं. फाँट विचित्र दिसत होते, मी रोज रात्री मशीन बंद करत होतो, सकाळी रड तीच. हाताखालच्या पोरानं टास्क मॅनेजरमधला 'अप टाइम' दाखवला: 19 दिवस! 2012 साली विंडोज 8 आलं तेव्हापासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. शट डाउन केलं की विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा उतरवून ठेवतात आणि सकाळी तोच उचलतात, दुखण्यासकट. कोरी सुरुवात हवी तर रीस्टार्ट करा, किंवा शिफ्ट दाबून शट डाउन. पोरगं हसलं, हसू दे.

रिसेटच्या बटणाची दोन पिनांची वायर मी मदरबोर्डवरून कधीच उपटली. नवं मशीन आलं की पहिल्या दिवशी तेच काम. बटण मात्र डब्यावर दिसतं. मालक घाईत असले की येऊन दाबून जातात.