डोंगरी गाडीसाठी टायरच्या हवेचा मीटर : निवड कशी करावी?

पाचगणीत धंदा करणाऱ्याचा माल घाट चढूनच येतो. कापडाच्या गाठी इचलकरंजीहून येवोत, चादरी सोलापूरहून येवोत की गणवेशाचे कापड भिवंडीहून येवो, वाईच्या पुढे पसरणीचा घाट आहेच. माल गावात आला म्हणजे काम संपले असेही नाही. भिलार, करहर, कुडाळ, तापोळा या बाजूंच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत तो पोहोचवावा लागतो. मुख्य रस्ता सोडला की आतल्या वाटा जांभ्या दगडाच्या आणि मातीच्या, पावसाळ्यात नुसता चिखल. म्हणून आमच्यासारखे व्यापारी, तसेच वेल्डर, सुतार, फर्निचरवाले बंधू जीपच्या जातीची दणकट गाडी ठेवतात. गाडी घेताना इंजिन पाहतात, अ‍ॅव्हरेज विचारतात, पण टायरमधील हवेचा विचार टायर बसल्यावरच करतात. आम्हीही त्यातलेच होतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना, शाळा उघडायला एक दिवस बाकी. वाईहून गणवेशांच्या गाठी भरून आम्ही व आमचा पुतण्या घाट चढत होतो. आदल्या दिवशी हीच गाडी करहरच्या खाली एका वस्तीवर खडकाळ वाटेने जाऊन आली होती. तेथे मागच्या टायरला एक टोकदार दगड लागून बारीक छिद्र पडले असावे. हवा इतकी हळू जात होती की सकाळी पाहताना काही दिसले नाही. अर्धा घाट चढल्यावर पुतण्या म्हणाला, "चाचा, गाडी जड वाटतेय." आम्ही म्हणालो, "माल आहे, चढ आहे, जड वाटणारच." थोड्या वेळाने जळक्या रबराचा वास आला. उतरून पाहतो तर टायर डिस्कवर बसलेला. धुके दाट, वळण आंधळे, वरून पाऊस. पुतण्या रस्त्यावर गुडघे टेकून स्टेपनी बदलत होता आणि बस त्याच्या पाठीपासून हातभर अंतरावरून गेली. टायर आतून भुगा होऊन कायमचा वाया गेला, एक गाठ भिजली, माल उशिरा पोहोचला. हे सर्व नुकसान भरून निघाले. पण ती बस अजून आठवते. दोन तास आधी कोणी सांगितले असते की मागच्या टायरमध्ये पंचवीसच पाउंड हवा आहे, तर वाईतच पंक्चर काढून निघालो असतो.

हे सांगणारे यंत्र बाजारात आहे. त्याला टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टिम, थोडक्यात टी.पी.एम.एस. म्हणतात. ते कसे निवडावे, याचा आमचा अभ्यास व तजुर्बा वाचक बंधूंसमोर ठेवीत आहोत.

हवा कमी म्हणजे उष्णता जास्त

गाडीचे व मालाचे ओझे टायरचे रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. हवा कमी झाली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतात व उलगडतात. या दबण्या-उलगडण्यातून उष्णता निर्माण होते आणि रबर व दोऱ्यांचे थर सुटू लागतात. इ. स. २००० मध्ये अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर या जीपवजा गाडीच्या फायरस्टोन टायरांचे थर सुटून गाड्या उलटल्या व अनेकांचे प्राण गेले. कंपनीला ६५ लाख टायर परत मागवावे लागले. त्याच वर्षी तेथे कायदा झाला आणि पुढे २००७ च्या सप्टेंबरपासून सर्व नव्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली. ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के हवा कमी झाली की दिवा लागला पाहिजे, असा तेथील नियम आहे. युरोपातही २०१४ च्या नोव्हेंबरपासून सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची आहे.

यंत्रणेचे तीन प्रकार

पहिला प्रकार अप्रत्यक्ष. यात टायरला सेन्सर नसतो. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते व इतरांपेक्षा जास्त फेरे घेते. ब्रेकच्या ए.बी.एस. यंत्रणेतील सेन्सर तो फरक ओळखतात. ही सोय गाडीबरोबरच येते, वेगळी विकत घ्यावी लागत नाही. परंतु ती पाउंडाचा आकडा मोजत नाही. चारही टायरांतील हवा सारखीच कमी झाली तर तिला ओळखणे कठीण जाते. चिखलात चाके घसरून वेगवेगळी फिरतात, तेथेही तिचा भरवसा नाही. डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या मोटारीला ती ठीक, आपल्या कामाला अपुरी.

दुसरा प्रकार आतल्या सेन्सरचा. टायर उतरवून वॉलच्या मुळाशी, डिस्कच्या आत सेन्सर बसवितात. तो रेडिओ लहरींनी दाब व उष्णता समोरच्या पडद्यावर पाठवितो. दगड, झुडपे, चोर यांपैकी कोणाचाही हात त्याला लागत नाही. आतल्या हवेचे तापमानही तो चांगले सांगतो. दोष असे की बॅटरी बहुधा आत बंद असते. पाच ते दहा वर्षांनी ती संपली की सेन्सरच बदलावा लागतो. टायर काढताना पंक्चरवाल्याची पहार चुकीच्या जागी पडली तर सेन्सर तुटतो. आणि ट्यूबच्या टायरमध्ये हा प्रकार बसत नाही.

तिसरा प्रकार बाहेरच्या टोपीचा. वॉलची साधी टोपी काढून तिच्या जागी सेन्सर असलेली टोपी फिरवायची. काम दहा मिनिटांचे, कारागिराची गरज नाही. बॅटरी नाण्याच्या आकाराची, घड्याळाच्या दुकानात मिळणारी. असा साधा संच बहुधा एका नव्या टायरपेक्षा स्वस्त पडतो. पण ही टोपी वॉलची पिन सतत दाबून ठेवते. म्हणजे टोपीचे रबर खराब झाले तर हवा राखणाऱ्या यंत्रातूनच हवा जाते. रबरी वॉलवर तिचे वजन हेलकावते, खडकाळ वाटेवर ती दगडाला घासते. तिच्या तापमानाच्या आकड्यावरही फार विसंबू नये, कारण बाहेर असल्यामुळे तिला वारा लागतो. घाट उतरताना ब्रेक तापून चाक गरम झाले तरी ती कमीच आकडा दाखवू शकते.

खरेदीपूर्वीचे पाच प्रश्न

कापड घेताना आपण दुकानातील उजेडावर जात नाही. पन्हा, काउंट आणि वीण पाहतो. येथेही पडद्याच्या रंगावर जाऊ नये. पुढील पाच गोष्टी विचाराव्यात.

१) टायर ट्यूबचे की ट्यूबलेस? ट्यूबचे असतील तर बाहेरची टोपी हाच मार्ग. ट्यूबलेस असून गाडी नेहमी दगडधोंड्यांत जात असेल तर आतला सेन्सर घ्यावा. टायर बदलायची वेळ आली असेल तर त्याच वेळी बसवावा, मजुरी वाचते.

२) भोंग्याची मर्यादा आपल्याला बदलता येते का? डोंगरी गाडीसाठी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे कारण पुढे दिले आहे.

३) सेन्सर किती पाउंडांपर्यंत मोजतो? मोटारीसाठी बनविलेला सेन्सर मालवाहू पिकअपच्या मागच्या टायरांना अपुरा पडू शकतो. आपल्या गाडीचा भरल्या मालाचा दाब पाहून मगच संच घ्यावा.

४) स्टेपनीसाठी पाचवा सेन्सर आहे का? स्टेपनीत हवा नाही, हे बहुतेकांना पंक्चर झाल्यावरच कळते.

५) सुटा सेन्सर, रबरी वायसर आणि बॅटरी पुढेही मिळणार का? एक सेन्सर हरवला म्हणून पूर्ण संच फेकावा लागत असेल तर तो स्वस्त संच महागच पडला.

हवा मुद्दाम कमी करावी लागते तेव्हा

चिखलात किंवा वाळूत पूर्ण हवेचा टायर रुततो. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांब पसरतो व पकड वाढते. अशा जागी जाणकार चालक १८ ते २० पाउंडांपर्यंत खाली येतात. पंधराच्या खाली गेल्यास वळणावर टायर डिस्कवरून निसटण्याचा धोका असतो. धारदार दगडांच्या वाटेवर फार कमी हवाही बरी नव्हे, कारण दगड व डिस्क यांच्यामध्ये टायर चिरडतो. कमी हवेत वेग ताशी २५-३० किलोमीटरच्या आत ठेवावा आणि डांबरी रस्ता लागताच हवा भरूनच पुढे जावे.

आता भोंग्याची मर्यादा २८ वर पक्की असेल तर १८ पाउंडांवर तो सतत ओरडतो. चालक कंटाळून यंत्र बंद करतो आणि मग चालू करायचे विसरतो. खरा धोका येतो तेव्हा यंत्र झोपलेले असते. म्हणून मर्यादा सहज खालीवर करता येईल असाच संच घ्यावा. डांबरी रस्त्यासाठी एक मर्यादा, चिखलासाठी दुसरी. सोबत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हवाच. पंप नसेल तर हवा काढूच नये.

पाचगणीचा हिशोब

शाळेत उर्दू माध्यमात आम्ही 'हवा का दबाव' हा धडा पाठ केला होता. तो समजला मात्र घाटातच. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो. समुद्रकिनारी तो १४.७ पाउंड, वाईत साधारण साडेतेरा, पाचगणीत साधारण साडेबारा. शिवाय टायरचे तापमान ६-७ अंशांनी उतरले की दाब एक पाउंडाने उतरतो.

समजा हिवाळ्यात वाईत दुपारी ३२ अंश तापमानात टायरमध्ये ३२ पाउंड हवा भरली. गाडी पाचगणीत आणली. पहाटे १२ अंश तापमान आहे. वीस अंशांच्या थंडीमुळे तीन पाउंड गेले, उंचीमुळे एक पाउंड परत मिळाला. गेज ३० दाखवील. पंक्चर नाही, गळती नाही, फक्त हवामानाचा हिशोब आहे.

येथे आणखी एक गुंता आहे. बरेच सेन्सर बाहेरचा दाब नेहमी समुद्रकिनाऱ्याइतकाच आहे असे धरून आकडा काढतात. असा सेन्सर पाचगणीत गेजपेक्षा दोन पाउंड कमी दाखवितो. म्हणजे गेज ३०, पडदा २८. दोघांपैकी खोटा कोणी नाही. पण हे माहीत नसलेला माणूस घाबरून हवा भरतो किंवा यंत्र निकामी म्हणून परत करतो. उपाय सोपा आहे. एक चांगले गेज घ्यावे, पहाटे थंड टायरवर मोजावे आणि पडद्याशी तुलना करून फरक लिहून ठेवावा. गेजवर २८ ला भोंगा वाजायला हवा असेल आणि फरक दोनचा असेल, तर यंत्रात २६ लावावे.

बसविल्यावर काय करावे?

मूळ दाब किती ठेवावा, हे गाडीच्या दाराजवळील पट्टीवर किंवा पुस्तकात दिलेले असते. रिकाम्या व भरल्या गाडीचे आकडे वेगवेगळे असू शकतात. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. फजरची नमाज आटोपून आल्यावर गाडी थंड असते, मोजायला ती वेळ उत्तम. घाट चढून आल्यावर गरम टायरचा आकडा वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडू नये.

बाहेरच्या टोप्या बसविल्यावर वॉलवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे. शक्यतो धातूचे वॉल बसवून घ्यावेत. ॲल्युमिनियमची टोपी पितळी वॉलवर पावसाळाभर राहिली तर गंजून घट्ट धरते, म्हणून अधूनमधून फिरवून पाहावी. टोपी काढण्याचा छोटा पाना गाडीतच ठेवावा, नाहीतर हवा भरताना पंचाईत होते. चाके अदलाबदल केली तर सेन्सरच्या जागाही यंत्रात बदलाव्यात. आतले बरेचसे सेन्सर गाडी उभी असताना झोपतात, त्यामुळे पडद्यावर जुनाच आकडा राहू शकतो. निघाल्यावर पहिल्या किलोमीटरभरात एकदा नजर टाकावी. आणि पहिल्याच दिवशी एका टायरची हवा मुद्दाम काढून भोंगा वाजतो की नाही, ही परीक्षा आपल्या दारातच घ्यावी.

२०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचे किट व ही यंत्रणा असेल तर स्टेपनी दिलीच पाहिजे असे बंधन आता राहिले नाही. शहरात हे चालून जाईल. परंतु डोंगरातील दगडाने टायरची बाजू फाटली तर कोणतेही किट ती जोडू शकत नाही. आपण स्टेपनी सोडू नये.

शेवटी एकच सांगणे. यंत्र हवा भरत नाही, पंक्चर काढत नाही. ते फक्त वेळेवर सांगते. ऐकणे आणि गाडी थांबविणे आपल्या हातात आहे. गिऱ्हाईकाचा माल ही आपल्याकडे अमानत असते, आणि गाडीत बसलेला पुतण्या किंवा नोकर ही त्याहून मोठी अमानत. "माल आहे, चढ आहे, जड वाटणारच," असे आम्ही त्या दिवशी म्हणालो होतो. आता पडद्यावरचा आकडा दोनाने जरी उतरला तरी पुतण्या विचारत नाही, गाडी वाईतच बाजूला घेतो. आम्ही उतरतो, गेज लावतो आणि मगच घाटाला लागतो.