उतरत्या कोब्यावर लाकडी जमीन

आपल्या कारागीर बांधवांना परवडणाऱ्या भाड्यात जे गाळे मिळतात, ते बहुधा आधी दुसऱ्याच धंद्याचे असतात. 2009 साली आम्ही भिवंडीत घेतलेला गाळा असाच होता. पूर्वी तेथे कापड रंगवीत व धुवीत, म्हणून 30 बाय 20 फुटांचा कोबा मोरीकडे उतरता ठेवलेला. आम्ही कटिंगचे टेबल मांडले, पायांखाली लाकडाचे तुकडे सारले आणि काम सुरू केले. तुकडे हादऱ्याने सरकत, टेबल पुन्हा कलते होई. अस्तराचे कापड निसरडे. थर घसरत आणि वरचा नग खालच्या नगाशी जुळत नसे. आम्ही कटिंग मास्तरांची मजुरी कापली. पुढे एका म्हाताऱ्या गवंड्याने नळी लावून दाखविले की 20 फुटांत जमीन 3 इंच खाली गेली आहे. मास्तरांच्या घरी जाऊन आम्ही पैसे परत केले, पण तोवर त्यांनी दुसरीकडे काम धरले होते.

तेव्हा पहिले काम मापाचे. पारदर्शक नळीत पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका, आणि चारही भिंतींवर एकाच पातळीची खूण करा. खुणांना दोरी ताणून दर दोन फुटांवर दोरीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा व आकडा खडूने तेथेच लिहा. सर्वांत लहान आकडा तो उंचवटा, सर्वांत मोठा तो खळगा. नुसत्या पाणसळीवर भरवसा ठेवू नये; ती दोन फुटांचे सांगते, गाळ्याचे नाही.

सिमेंटने भरून काढावे, असे कोणीही म्हणेल. पण पातळ थराचा काठ उखडतो, म्हणून उंच बाजूलाही दीड इंच थर हवा. म्हणजे खालच्या बाजूला साडेचार, सरासरी 3 इंच. 600 चौरस फुटांवर हे 150 घनफूट काँक्रीट होते आणि वजन सुमारे 10 टन! गाळा माळ्यावर असेल तर हा विचारच सोडावा. शिवाय तो थर पूर्ण सुकायला महिने लागतात आणि ओल्या थरावर लाकूड टाकले तर ते फुगते.

आम्ही लाकडाच्या पट्ट्या निवडल्या. आधी ओल तपासली. दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवावे. खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला तर ओल आहे. आमच्याकडे ती होतीच. ती जास्त असेल तर आधी तिचे मूळ शोधावे. मग जाड पॉलिथिन अंथरले, जोडावर सहा इंच एकावर एक घेऊन.

पट्ट्या उताराच्या दिशेने टाकल्या तर प्रत्येक पट्टी पाचरीसारखी तासावी लागते. आडव्या टाकल्या तर एका ओळीची उंची एकच राहते. दर 16 इंचांवर एक ओळ धरली तर 20 फुटांत 16 ओळी होतात. पहिली दीड इंचाची, पुढची प्रत्येक सुमारे 5 मि.मी. जास्त, शेवटची साडेचार इंचांची. सुतार एका दिवसात कापून देतो. कोबा जेथे खडबडीत असेल तेथे कडक प्लायचे तुकडे द्या आणि ते पट्टीलाच स्क्रूने जोडा, पुठ्ठा दबतो. उंच ओळी आडव्या होऊ नयेत म्हणून मधे ठोकळे ठोका. लाकडाला वाळवीचे औषध आधीच लावलेले असावे.

वर 19 मि.मी.चा प्लाय. आठ फुटी ताव 16 इंचांच्या ओळींवर बरोबर बसतो. पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून भिंतीपासून अर्धा इंच मोकळा सोडावा. जड यंत्राखाली ओळी दाट घ्याव्यात.

दोन गोष्टी आम्ही विसरलो होतो. जमीन वर आली आणि दार आत उघडेना. ते खालून कापावे लागले. आणि मोरी झाकली गेली. तेवढा ताव पुन्हा कापून उचलता येईल असे झाकण केले.

मालकाची परवानगी लेखी घ्यावी. खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत. सिमेंट गाळ्यातच राहते, पण 2017 साली गाळा सोडताना आम्ही प्लायचे सगळे ताव टेम्पोत घालून नेले.