पेरू : पाणी एकीकडे, माणसे दुसरीकडे

पेरू म्हटले की आपल्याला प्रथम तिखटमीठ लावलेली फोड आठवते. पण दक्षिण अमेरिकेच्या नकाशात याच नावाचा एक देश आहे आणि क्षेत्रफळाने तो महाराष्ट्राच्या चौपटीहून थोडा मोठा आहे. ज्या बटाट्यावाचून आपला उपवासही पार पडत नाही, त्याची लागवड हजारो वर्षांपूर्वी याच देशाच्या आणि शेजारच्या बोलिव्हियाच्या डोंगराळ भागात सुरू झाली. या देशाचा अभ्यास करताना मला जी विसंगती जाणवली, ती वाचकांपुढे मांडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

पेरूचे तीन उभे पट्टे पडतात : पश्चिमेस पॅसिफिकचा चिंचोळा किनारा, मध्ये अँडीज पर्वत आणि पूर्वेस ॲमेझॉनचे अरण्य. अरण्याने देशाचा निम्म्याहून अधिक भाग व्यापला आहे. तेथील इक्विटोस हे मोठे शहर देशाच्या इतर भागांशी रस्त्याने जोडलेले नाही. तेथे बोटीने किंवा विमानानेच जावे लागते. अँडीजमधील वास्कारान हे शिखर ६,७६८ मीटर उंच आहे.

राजधानी लिमा १२ अंश दक्षिण अक्षांशावर, समुद्राकाठी वसली आहे. उष्ण कटिबंध आणि शेजारी महासागर, म्हणजे पाऊस मुबलक असणार, अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात लिमात वर्षाकाठी दोन-तीन सेंटिमीटरही पाऊस पडत नाही. याला दोन कारणे आहेत. अटलांटिककडून येणारे बाष्पयुक्त वारे अँडीजच्या पूर्व उतारावर पाऊस पाडतात आणि पश्चिम बाजू पर्जन्यछायेत राहते. शिवाय किनाऱ्यालगत हंबोल्ट हा थंड प्रवाह वाहतो. त्याच्यावरील हवा थंड व जड असते, ती वर चढत नाही. त्यामुळे धुके दाटते, पण पाऊस होत नाही. हिवाळ्यात लिमावर महिनोन्‌महिने राखाडी मळभ असते.

काही वर्षी हा समुद्र तापतो. हाच ‘एल निन्यो’ होय. अशा वेळी कोरड्या उत्तर किनाऱ्यावर पूर येतात. १९८३, १९९८ व २०१७ साली तेथे मोठी हानी झाली. आपल्या मोसमी पावसाशीही त्याचा संबंध आहे. मात्र एल निन्यो आला की दुष्काळ ठरलेलाच, असे नाही. १९९७ साली तो तीव्र असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला.

आता लोकसंख्येकडे वळू. १९४० च्या जनगणनेत ६५ टक्के लोक डोंगराळ भागात आणि सुमारे २८ टक्के किनाऱ्यावर होते. २०१७ च्या जनगणनेत हे चित्र नेमके उलटले : किनाऱ्यावर ५८ टक्के आणि डोंगरात २८ टक्के. जमिनीची टंचाई, शिक्षण, रोजगार आणि १९८० नंतरचा सशस्त्र संघर्ष यांमुळे माणसे खाली उतरली. आज देशातील जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस लिमा परिसरात राहतो. आणि पॅसिफिककडे वाहणाऱ्या नद्यांत देशातील पाण्याचा जेमतेम दोन टक्के वाटा आहे!

या विसंगतीचा भार गरिबांवर पडतो. लिमाभोवतीच्या उघड्या टेकड्यांवरील वस्त्यांना टँकरचे पाणी घ्यावे लागते आणि नळाचे पाणी मिळणाऱ्या सधन वस्तीपेक्षा त्याला अधिक दाम मोजावे लागतात. डोंगरापलीकडचे पाणी बोगद्यातून राजधानीकडे आणले जाते. दरम्यान, १९६२ पासूनच्या साठ वर्षांत पेरूच्या हिमनद्यांचे क्षेत्र निम्म्याहून अधिक घटले आहे.

उपाय केवळ बोगद्यांत नाही. लिमाच्या वरच्या डोंगरांत इंका काळापूर्वीचे दगडी चर आहेत. त्यांना ‘अमुना’ म्हणतात. पावसाळ्यातील ओढ्यांचे पाणी ते उतारावर नेऊन जमिनीत मुरवतात आणि तेच पाणी काही महिन्यांनी खालच्या झऱ्यांतून मिळते. अलीकडे यांपैकी काही चर गावकऱ्यांनी दुरुस्त केले आहेत. राजधानीची तहान भागवायची असेल, तर ज्या डोंगरातून माणसे निघून गेली, तेथे उरलेल्यांचे जगणे आधी सावरावे लागेल, असे मला वाटते. चर राखणारे हात तेथेच आहेत.