तालिकेतील ‘पाहा’ : मराठी ग्रंथांचे तालिकीकरण आणि त्याचे बदलते स्वरूप

साहित्याच्या संशोधनात ग्रंथालयाची तालिका केवळ साधनांची यादी म्हणून वापरली जाते. तिचे स्वतःचे काही म्हणणे असते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. वस्तुतः ग्रंथाची नोंद करताना तालिकाकाराला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात : हा ग्रंथ कोणाचा, आणि ही कृती कोणती? दोन्ही प्रश्न साहित्याभ्यासाचेही आहेत. अभ्यासक त्यांची उत्तरे प्रबंधाच्या दोन-तीन पानांत, पुराव्यानिशी देतो. तालिकाकाराला ती एका ओळीत द्यावी लागतात आणि पुरावा दाखवण्यास जागा नसते. म्हणूनच ती एक ओळ कशी सिद्ध होते, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने जाणून घेणे अगत्याचे ठरते.

तालिकीकरणाची प्राथमिक मांडणी साधी आहे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावरून नव्हे, तर आतील शीर्षकपृष्ठावरून ग्रंथनाम, कर्ता, आवृत्ती, प्रकाशनस्थळ, प्रकाशक व वर्ष घ्यायचे. पृष्ठसंख्या, आकार व मालेचे नाव जोडायचे. हे झाले वर्णन. या वर्णनाला ज्या शब्दाखाली तालिकेत जागा मिळते ते शीर्षक. ग्रंथ फडताळात कोठे आहे ते सांगणारा बोधांक वेगळा. वर्णनाचे काम काळजीने केले तर कोणालाही जमते. खरी कसोटी लागते ती शीर्षक ठरवताना.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पॅनित्झी यांच्या पुढाकाराने तयार झालेले ९१ नियम १८४१ मध्ये छापले गेले, तेव्हापासून शीर्षकाचा वाद चालू आहे. अमेरिकेत चार्ल्स कटर यांनी १८७६ मध्ये तालिकेची उद्दिष्टे स्पष्ट केली. कर्ता, ग्रंथनाम वा विषय यांपैकी एक माहीत असलेल्या वाचकाला ग्रंथ सापडला पाहिजे. एका कर्त्याचे व एका विषयाचे ग्रंथालयात काय काय आहे ते एकत्र दिसले पाहिजे. आणि आवृत्तीची व ग्रंथस्वरूपाची निवड करण्यास साहाय्य झाले पाहिजे. यांपैकी पहिले उद्दिष्ट कोणतीही यादी थोडेफार साधते. दुसऱ्यासाठी मात्र एका व्यक्तीची सर्व नावे एकाच ठिकाणी आणून बांधावी लागतात. त्यासाठीचे साधन म्हणजे निर्देशी नोंद. ‘दामले, कृष्णाजी केशव : पाहा केशवसुत’ असे एक पत्रक घालावे लागते. या पत्रकामागे कोणताही ग्रंथ नसतो. असते ते फक्त तालिकाकाराचे ज्ञान. रंगनाथन यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकृत तालिका संहितेतही अशा निर्देशांची व्यवस्था काटेकोरपणे केलेली आहे.

मराठीत या ज्ञानाची गरज अन्य अनेक भाषांपेक्षा अधिक भासते, याचे कारण मराठी लेखकांची टोपणनावे. राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) नाटके स्वतःच्या नावाने लिहीत, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने. ‘वाग्वैजयंती’चा कर्ता आणि ‘एकच प्याला’चा कर्ता तालिकेत एक की दोन? अमेरिकन ग्रंथालय संघाच्या १९४९ च्या नियमांचा कल खऱ्या नावाकडे होता; त्यानुसार सर्व काही ‘गडकरी, राम गणेश’ याखाली येते आणि उरलेली दोन नावे ‘पाहा’च्या पत्रकांवर राहतात. पुढे अँग्लो-अमेरिकन नियमांच्या दुसऱ्या आवृत्तीच्या (१९७८) १९८८ मधील सुधारित पाठात निराळी भूमिका घेतली गेली. लेखकाने दोन प्रकारच्या लेखनासाठी दोन नावे जाणीवपूर्वक राखली असतील, तर ती दोन स्वतंत्र ग्रंथव्यक्तिमत्त्वे मानावीत, प्रत्येकाला स्वतःचे शीर्षक द्यावे, आणि त्यांना परस्परांशी ‘हेही पाहा’ने जोडावे.

ही भूमिका कुसुमाग्रजांच्या बाबतीत चपखल बसते. ‘विशाखा’ (१९४२) कुसुमाग्रजांची आणि ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचे, ही विभागणी लेखकाने आयुष्यभर पाळली आणि वाचकांनीही ती मान्य केली. गडकऱ्यांच्या बाबतीत मात्र मराठी समीक्षेने तिन्ही नावे केव्हाच एका व्यक्तिमत्त्वात विलीन केली आहेत. ‘गडकऱ्यांची कविता’ असाच प्रयोग रूढ आहे. नियम एकच असूनही दोन लेखकांच्या बाबतीत त्याचा अर्थ वेगळा होतो, आणि हा भेद तालिकाकाराला नियमपुस्तकात सापडत नाही, वाङ्मयेतिहासातच सापडतो. विभावरी शिरूरकर यांचे उदाहरण याहून नाजूक आहे. ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) प्रसिद्ध झाले तेव्हा ते नाव हे आवरण होते. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही तीन नावे एका व्यक्तीची, हे सांगणारे पत्रक आज निव्वळ सोयीचे वाटते. परंतु लेखिकेने जे झाकले ते उघडे करणारी ती नोंद आहे. स्त्रीलेखनाच्या अभ्यासकाने तिच्याकडे तटस्थ यादीतील एक ओळ म्हणून पाहू नये.

मध्ययुगीन ग्रंथकारांचा प्रश्न वेगळा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या भारतीय नावांची नोंद व्यक्तिनामाच्या पहिल्या शब्दाखाली, आणि त्यानंतरची आडनावाखाली, असा अँग्लो-अमेरिकन नियम आहे. ‘श्री’, ‘संत’ वगैरे आदरार्थी शब्द गळतात. एवढ्यावर प्रश्न सुटत नाही. कारण ज्ञानेश्वर की ज्ञानदेव? वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘ज्ञानदेव’ हे रूप स्वीकारले. महाराष्ट्रातील सामान्य वाचक ‘ज्ञानेश्वर’ असेच शोधतो. दोहोंपैकी कोणतेही एक रूप ठरवल्याने बिघडत नाही; दुसऱ्यापासून पहिल्याकडे नेणारी वाट नसेल तर मात्र बिघडते.

आता दुसरा प्रश्न : ही कृती कोणती? ‘ज्ञानेश्वरी’ आणि ‘भावार्थदीपिका’ एकच, हे जाणण्यापुरते ज्ञान कोणाहीजवळ असते. पण ग्रंथालयात ज्या प्रती असतात त्या एकसारख्या नसतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, शुद्ध केलेला पाठ आहे, बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये शिळाछापावर काढलेली आवृत्ती आहे, वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेली संहिता आहे. सार्थ आवृत्त्या आहेत, भाषांतरे आहेत. आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाने १९९८ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात यासाठी चार पातळ्या मानल्या आहेत : कृती, तिची अभिव्यक्ती, त्या अभिव्यक्तीचे ग्रंथरूप आणि हातात येणारी प्रत. ज्ञानेश्वरांची रचना ही कृती. एकनाथी पाठ व राजवाडे-संहिता या दोन अभिव्यक्ती. त्यांची एकेक मुद्रित आवृत्ती हे ग्रंथरूप. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ही विभागणी मुळीच नवी वाटणार नाही. नवे एवढेच, की ती तालिकेच्या रचनेत आली आणि पुढे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ‘आरडीए’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नियमसंहितेचा पाया ठरली. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ही संहिता २०१३ मध्ये अंगीकारली.

मराठी प्रकाशनव्यवहार या विभागणीला फारशी साथ देत नाही. केवळ पुनर्मुद्रणालाही ‘सहावी आवृत्ती’ म्हणण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, आणि मजकुरात खरोखर फेरफार झालेली आवृत्ती कित्येकदा तसे न सांगताच निघते. शीर्षकपृष्ठाशी प्रामाणिक राहणारा तालिकाकार येथे फसतो आणि त्याच्या नोंदीवर विसंबणारा संशोधकही. ग्रंथनामांच्याही अशाच अडचणी आहेत. ‘संगीत सौभद्र’ची नोंद ‘संगीत’खाली केली, तर एका कालखंडातील मराठी रंगभूमीच ‘स’ या अक्षराखाली गोळा होते. हरिभाऊ आपट्यांची कादंबरी शीर्षकपृष्ठावर ‘पण लक्षांत कोण घेतो’ अशी सानुस्वार आहे. १९६२ च्या लेखननियमांनंतर शिकलेला वाचक ती अनुस्वाराविना शोधतो. मूळ लेखन जसेच्या तसे उतरवणे हा वर्णनाचा धर्म, आणि बदललेल्या लेखनासाठी जादा नोंद देणे हा तालिकेचा.

पत्रक-तालिकेच्या काळात अशा जादा नोंदींना खर्चाची मर्यादा होती. प्रत्येक नोंद म्हणजे एक पत्रक, एक टंकलेखन, खणातील एक जागा. त्यामुळे संपादक, भाषांतरकार, विशेषतः प्रस्तावनाकार वगळले जात. मराठीत प्रस्तावना हा स्वतंत्र समीक्षाप्रकार म्हणावा इतका समृद्ध असूनही तालिकांतून तो जवळजवळ अदृश्य राहिला आहे. यंत्राने ही मर्यादा दूर केली. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्रम यांच्या नेतृत्वाखाली १९६० च्या दशकात ‘मार्क’ हा यंत्रवाचनीय नोंदीचा आराखडा सिद्ध झाला. त्यात नोंदीच्या प्रत्येक घटकाला क्रमांक आहे : मुख्य कर्ता १००, ग्रंथनाम २४५, अन्य व्यक्ती ७००. सातशेचा घटक हवा तितक्या वेळा देता येतो. नामनोंदींसाठी वेगळी संचिका असते. तिच्यात ‘पाहा’साठी ४०० आणि ‘हेही पाहा’साठी ५०० हे घटक आहेत. म्हणजे पत्रकावरचा तो शब्द यंत्रातही जागा राखून आहे. प्रश्न ती भरण्याचा आहे.

मराठीच्या वाट्याला हे यंत्र प्रथम रोमन लिपीतून आले. १९६० च्या दशकापासून अमेरिकन विद्यापीठांकडे भारतीय ग्रंथ मोठ्या प्रमाणावर गेले आणि तेथील तालिकांत मराठी ग्रंथनामे लिप्यंतरित होऊन बसली. त्या लिप्यंतराच्या नियमानुसार हलन्त चिन्ह नसलेल्या व्यंजनातील ‘अ’ लिहावाच लागतो; त्यामुळे उच्चारात व्यंजनान्त असणारे ‘नटसम्राट’ रोमन लिपीत अकारान्त होते आणि उच्चाराप्रमाणे शोधणाऱ्याला सापडत नाही. रोमन आद्याक्षरांनी केलेले नुकसान याहून मोठे आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि त्यांचे ज्येष्ठ बंधू, ‘निरुक्ता’चे भाषांतरकार वैजनाथ काशिनाथ राजवाडे, हे मराठीत अनुक्रमे ‘वि. का.’ आणि ‘वै. का.’ आहेत, रोमन लिपीत दोघेही ‘व्ही. के.’ होतात आणि दोन भावांचे ग्रंथ एका नावावर जमा होऊ शकतात.

देवनागरी संगणकावर आली तेव्हा हे संपेल अशी अपेक्षा होती. ‘इस्की’ हे भारतीय मानक आणि युनिकोडची पहिली आवृत्ती दोन्ही १९९१ ची. तथापि पुढील कित्येक वर्षे महाराष्ट्रातील पुष्कळ नोंदी विशिष्ट अक्षरसंचांत टंकलिखित झाल्या. तो अक्षरसंच गेला की नोंद वाचता येत नाही. युनिकोडनेही सर्व प्रश्न मिटवलेले नाहीत. ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्र संकेताने लिहिता येते (तो २००८ मध्ये समाविष्ट झाला) किंवा ‘अ’वर चंद्र देऊन, डोळ्याला दोन्ही सारखी, यंत्राला भिन्न. मराठी वर्णक्रमात ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. केवळ संकेतांकांच्या क्रमाने लावलेल्या यादीत मात्र ‘ळ’ ‘ल’च्या पाठोपाठ येतो आणि ‘ज्ञ’ हा ‘ज’ व ‘ञ’ यांचा जोड असल्याने ‘ज’मध्ये शिरतो. साहजिकच पत्रकांच्या खणात अखेरीस असलेली ‘ज्ञानेश्वरी’ पडद्यावरील यादीत ‘जोत्स्ना’, ‘जौहर’ यांच्यानंतर दिसू लागते. मराठीसाठी वेगळा क्रम सांगणारे तक्ते उपलब्ध आहेत. ते प्रत्येक ग्रंथालयीन प्रणालीत लागू केलेले असतातच असे नाही.

खरी हानी मात्र तांत्रिक नाही. अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांत संगणकीकरण पत्रकांवरून न होता दाखलनोंदवहीवरून झाले, कारण ते काम लवकर उरकते. नोंदवहीत लेखकाचे नाव देयकावर असेल तसे उतरवलेले असते. परिणामी ‘खांडेकर, विष्णु सखाराम’, ‘वि. स. खांडेकर’ आणि ‘खांडेकर वि.स.’ हे यंत्राच्या लेखी तीन लेखक झाले. ‘पाहा’ची पत्रके तर नोंदवहीत नसणारच, कारण त्यांच्यामागे दाखल क्रमांक असलेला ग्रंथ नसतो. एखाद्या जाणत्या ग्रंथपालाने तीस वर्षांत जमवलेले हे ज्ञान पत्रकांच्या कपाटांबरोबर निकालात निघाले, आणि त्याची नोंद कोणत्याही जमाखर्चात झाली नाही.

या ज्ञानाची परंपरा मराठीत अल्प नव्हती. ब्लुमहार्ट यांनी ब्रिटिश म्युझियममधील मराठी व गुजराती मुद्रित ग्रंथांची तालिका १८९२ मध्ये प्रसिद्ध केली. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या कालखंडांतील मराठी ग्रंथांची सूची केली. विभागाने वा विद्यापीठाने करावे असे हे काम एका व्यक्तीने केले. आज एखादे दुर्मीळ ग्रंथनाम पडताळायचे झाल्यास अभ्यासकाचा हात अजूनही प्रथम दाते-सूचीकडेच जातो.

आजच्या बदलाची दिशा नोंदीकडून संबंधांकडे आहे. व्यक्तीला नावाऐवजी कायम ओळखक्रमांक द्यायचा आणि सर्व नावे त्या क्रमांकाला जोडायची, ही कल्पना निरनिराळ्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नामसंचिका एकत्र आणणाऱ्या ‘व्हायफ’मध्ये प्रत्यक्षात आली आहे, आणि ‘मार्क’ची जागा घेण्यासाठी आखलेल्या ‘बिबफ्रेम’चाही हाच आधार आहे. अशा व्यवस्थेत गडकरी की गोविंदाग्रज, हा शीर्षकाचा वाद सौम्य होतो. वाचकाने कोणतेही नाव दिले तरी तो तेथेच पोचतो. परंतु गोविंदाग्रज म्हणजे गडकरी, हे यंत्राला कोणीतरी सांगावे लागते. ज्यांची कविता नियतकालिकांत टोपणनावाने छापली गेली आणि पुस्तकरूपाने कधीच आली नाही, अशा अप्रसिद्ध लेखकांच्या बाबतीत तर हे सांगू शकणारा बहुधा एकच इसम असतो : त्या नियतकालिकावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी. त्याच्या प्रबंधाच्या परिशिष्टात टोपणनावांची यादी असते. ती यादी मूळ नाव, टोपणनाव, नियतकालिक, वर्ष आणि ओळख पटवणारा पुरावा अशा पाच रकान्यांत मांडलेली असेल, तर ग्रंथपाल ती नामसंचिकेत जशीच्या तशी घेऊ शकतो.