न मागता मिळालेला वेळ



सुट्टी आपण ठरवून घेतो. पण कधी कधी वेळ न मागताच पदरात पडतो. पायाला प्लास्टर लागते, परीक्षा पुढे ढकलली जाते, कारखान्यातले काम थांबते. 2020 च्या मार्चमध्ये तर सगळेच घरात बसलो; चर्चमधली रविवारची मिस्साही बंद झाली. 'आता बायबल वाचीन, रोज जपमाळ म्हणेन, मुलांशी बोलेन,' असे तेव्हा अनेकांनी ठरवले होते. त्यातले किती पार पडले, ते ज्याचे त्याला ठाऊक. धर्मगुरूही याला अपवाद नाहीत.

आपल्या चर्चचे आश्रयदाते संत इग्नेशियस यांनाही असा वेळ मिळाला होता. दारूगोळा म्हणजे काय, हे खडकीकरांना सांगायला नको. 20 मे 1521 रोजी पाम्प्लोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला. हाड नीट बसले नाही, म्हणून ते पुन्हा मोडून बसवावे लागले. त्यानंतर कित्येक महिने ते लोयोलाच्या घरी अंथरुणाला खिळून होते. प्रकृती सुधारली, तरी पायावर उभे राहता येईना. वेळ घालवण्यासाठी त्यांनी शूर सरदारांच्या अद्भुत कथा मागितल्या. घरात तसले एकही पुस्तक नव्हते. हाती आले ते ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांची चरित्रे.

ते लगेच बदलले, असे समजू नका. पुस्तक मिटले की एका थोर घराण्यातील स्त्रीची स्वप्ने रंगवण्यात त्यांचे तासन्‌तास जात. पण हळूहळू एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. स्वप्नरंजन आणि संतांसारखे जगण्याचा विचार, दोन्ही गोडच वाटत. फरक कळे तो नंतर. स्वप्ने ओसरली की मन कोरडे, असमाधानी होई. संतांचा विचार संपला, तरी आनंद मागे उरे. या साध्या निरीक्षणातूनच त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' ग्रंथातील विवेकाचे नियम पुढे आकाराला आले. वाचताना ते टिपणेही काढत: प्रभूचे शब्द तांबड्या शाईने, पवित्र मरियेचे निळ्या शाईने. पुढे वयाच्या तिशीनंतर बार्सिलोनात ते लहान मुलांबरोबर लॅटिन व्याकरण शिकायला बसले. शिकण्याची लाज त्यांनी बाळगली नाही.

यातून आपण काय घ्यावे? मोकळ्या वेळात किती कामे उरकली, हा हिशेब दुय्यम आहे. त्या वेळानंतर मनात काय उरले, हे पाहावे. दोन तास मोबाईल पाहिल्यावर काय उरते? आजारी शेजाऱ्याकडे अर्धा तास बसून आल्यावर काय उरते? उत्तर बाहेरून कोणी देण्याची गरज नाही.

दुसरे, वेळ वाटून घेतला की वाढतो. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे रविवारी गीतेवर प्रवचने देत आणि साने गुरुजी ती लिहून घेत. एकाने बोलावे, दुसऱ्याने टिपून घ्यावे; बंदिवासातल्या त्या रविवारांतून 'गीता प्रवचने' हे पुस्तक महाराष्ट्राला मिळाले.

मात्र एक सावधगिरी बाळगा. ज्याची नोकरी गेली आहे किंवा जो खाटेवर पडून आहे, त्याला 'देवाने तुला वेळ दिला आहे, सदुपयोग कर' असे सांगायला जाऊ नका. त्याचे दुःख खरे आहे. आधी त्याच्याजवळ बसा. इग्नेशियस यांनीसुद्धा ती पुस्तके स्वतः निवडली नव्हती. घरात होती, म्हणून ती त्यांना मिळाली.

या आठवड्यात घरातल्या सर्वांनी मिळून एका प्रश्नाचा विचार करावा: उद्या आपल्यापैकी कोणी महिनाभर अंथरुणाला खिळला, तर आपल्या घरात त्याच्या हाताला काय लागेल?

प्रभू येशू आपणांस आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू